राणीच्या बागेत पहिल्यांदा जाताय? मग असं जा

मुंबईत पाहुणे आले की दुसऱ्या दिवशी कोणीतरी म्हणतंच, "मुलांना राणीची बाग दाखवून आणू या." मग आंघोळी-नाश्ता उरकून उशिरा निघायचं, बाराच्या उन्हात भायखळ्याला उतरायचं, पेंग्विनच्या रांगेत उभं राहायचं, झोपलेला वाघ बघायचा आणि पोरं कुरकुरायला लागली की परत फिरायचं. मी हे तीनदा केलं आहे. तिसऱ्या खेपेला सोबत साताऱ्याची आत्या होती. तिने पिंजऱ्यांकडे सरळ पाठ फिरवली आणि बुंध्यावरच फुलं आलेल्या एका झाडासमोर ती जी थांबली, ती हलेचना. "अगं, एवढं असताना तुम्ही माकडं काय बघत बसता?" असं वर मलाच विचारलं.

आत्याचं बरोबर होतं. ही बाग मुळात झाडांची. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी ती व्हिक्टोरिया गार्डन्स या नावाने सुरू झाली, तेव्हा तिथे प्राणिसंग्रहालय नव्हतंच. ते १८९० मध्ये आलं, बागेला आणखी १५ एकर जमीन जोडून. म्हणजे पहिली अठ्ठावीस वर्षं लोक इथे नुसती झाडं बघायला आणि हवा खायला यायचे. म्हणून माझा सल्ला असा, की प्राणी बघाच, पण दिवस आखताना झाडांना धरून आखा. खाली सांगते ते त्याच हिशोबाने.

आधी वार बघा

बुधवारी बाग बंद असते. बुधवारीच सार्वजनिक सुट्टी आली तर मात्र उघडी राहते आणि मग गुरुवारी बंद. हा गुरुवार भल्याभल्यांना फसवतो. सुट्टीला जोडून रजा काढून गावाहून आलेली मंडळी बंद फाटकासमोर उभी असलेली मी पाहिली आहेत.

रविवार शक्यतो टाळा. दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्टीत तर मंगळवारही रविवारसारखाच असतो. सगळ्यात बरा म्हणजे शाळा चालू असतानाचा मधला वार, सकाळचा. शाळांच्या सहली येतात तेव्हा गोंगाट असतो खरा, पण त्या सगळ्या एकाच दिशेने सरकतात. आपण उलटीकडून सुरुवात करायची.

दारं सकाळी साडेनऊला उघडतात आणि संध्याकाळी सहाला बाग बंद होते. तिकीटखिडकी त्याच्या बरीच आधी मिटते, त्यामुळे "चारला निघू, पाचपर्यंत पोचू" हा बेत आखू नका. साडेनऊच्या आधी जे लोक आत फिरताना दिसतात ते पास काढून सकाळी चालायला येणारे आसपासचे रहिवासी. त्यांच्यामागोमाग घुसायचा प्रयत्न करू नका, दारावरच्या माणसाला सगळे चेहरे पाठ असतात.

पोचायचं कसं

मध्य रेल्वेने भायखळा. जलद गाड्यांपैकी बहुतेक तिथे थांबतात. चिंचपोकळीवरूनही चालत येता येतं, पण तिथे फक्त धीम्या गाड्या थांबतात. पश्चिम रेल्वेवरून येणाऱ्यांनी दादरला गाडी बदलावी.

भायखळ्याला उतरलात की लगेच बाहेर धावू नका. हे स्टेशन मुंबईतल्या सगळ्यात जुन्या रेल्वे इमारतींपैकी एक आहे. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली ती याच वाटेने. इमारतीची अलीकडे नीट डागडुजी झाली आणि २०२२ मध्ये तिला युनेस्कोचा आशिया-प्रशांत वारसा पुरस्कार मिळाला. दोन मिनिटं मान वर करून बघण्याइतकी ती नक्कीच देखणी आहे.

मग पूर्वेला बाहेर पडा, डॉ. बाबासाहेब आंबेडकर रस्ता धरा आणि लालबागच्या दिशेने चालू लागा. दहा-पंधरा मिनिटांत उजव्या हाताला बाग लागते. सोबत म्हातारी माणसं असतील तर टॅक्सी करा. टॅक्सीवाल्याला "राणीबाग" एवढंच सांगा. तिकिटावर 'वीरमाता जिजाबाई भोसले वनस्पती उद्यान व प्राणिसंग्रहालय' असं लांबलचक नाव असतं, बसवर 'जिजामाता उद्यान' लिहिलेलं असतं, जुने गिरणगावकर 'राणीचा बाग' म्हणतात. सगळं एकच. फक्त 'लालबाग' म्हणू नका. नावात 'बाग' आहे म्हणून लालबाग म्हणणारे भोळे पाहुणे थेट गणपतीच्या गल्लीत जाऊन उतरतात.

तिकीट आणि पिशवी

२०१७ पर्यंत मोठ्या माणसाला पाच रुपये आणि लहानाला दोन रुपये तिकीट होतं. त्या वर्षी ते मोठ्यांना ५०, तीन ते बारा वर्षांच्या मुलांना २५ आणि आई-वडील व दोन मुलं अशा चौघांना मिळून १०० रुपये झालं. तेव्हा बराच आरडाओरडा झाला होता. पण चौघांचं एकत्र तिकीट मागायला लोक अजूनही विसरतात आणि दीडशे मोजून येतात, तेव्हा खिडकीवर आधी तेच विचारा. तिकीट महापालिकेच्या संकेतस्थळावरूनही काढता येतं. सुट्टीच्या दिवशी तसंच काढा, म्हणजे एक रांग तरी वाचेल. निघण्याआधी त्याच संकेतस्थळावर त्या दिवसाचे दर आणि वेळा एकदा बघून घ्या.

प्लास्टिकच्या पिशव्या घरीच ठेवा. खाऊ कापडी पिशवीत, डबा स्टीलचा, पाण्याची बाटली प्रत्येकाची वेगळी. टोपी हवी. डासांसाठी हातापायाला काहीतरी लावा, पावसाळ्यात तर लावाच. चपला चालायच्या हव्यात: बाग सुमारे पन्नास एकरांची आहे आणि वाटा सरळ नाहीत, वळत वळत जातात. चटई नेऊन हिरवळीवर पसरायचा विचार असेल तर सोडून द्या. बसायला बाकं भरपूर आहेत.

दारातच थांबा

बहुतेक लोक आत शिरले की "पेंग्विन कुठे?" विचारत पुढे सुटतात आणि दाराजवळचा सगळा इतिहास मागे टाकतात. तुम्ही तसं करू नका. अर्धा तास इथे घाला.

पहिला दिसतो तो मनोरा, डेव्हिड ससूनच्या नावाचं घड्याळ. बगदादहून येऊन मुंबईत पेढी थाटलेल्या या ज्यू व्यापाऱ्याच्या घराण्याचं नाव शहरात ठिकठिकाणी भेटतं, आणि या बागेत ते दोनदा भेटतं. दुसऱ्यांदा कसं, ते पुढे सांगते.

त्यानंतर दगडी हत्ती. घारापुरीच्या लेण्यांना पोर्तुगीजांनी 'एलिफंटा' म्हटलं ते ज्या हत्तीमुळे, तोच हा. मूळचा तो तिथे बेटावर किनाऱ्याजवळ उभा होता. १८६४ मध्ये इंग्रजांनी तो उचलून विलायतेला न्यायचा घाट घातला, उचलताना तो खाली पडला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईत आले आणि पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जोडून इथे उभे केले गेले. नीट बघितलंत तर सांधे दिसतात. मुलांना ही गोष्ट आधी सांगा आणि मग हत्ती दाखवा. उलट क्रमाने केलंत तर तो त्यांना नुसता एक दगड वाटतो.

काळा घोडाही इथेच आहे. फोर्टातल्या ज्या चौकाला काळा घोडा म्हणतात, तिथला मूळ पुतळा. घोड्यावर बसलाय तो सातवा एडवर्ड, राजा होण्याआधी युवराज असतानाचा. पुतळा शहराला दिला तो आल्बर्ट ससूनने, म्हणजे घड्याळवाल्या डेव्हिडच्या मुलाने. १९६५ मध्ये तो तिथून हलवून राणीच्या बागेत आणला. चौकाचं नाव मात्र घोड्याबरोबर गेलं नाही. आज त्या चौकात जो घोडा दिसतो तो २०१७ साली बसवलेला नवा, आणि त्याच्यावर स्वार नाही. फोर्टात फिरून आलेल्या पाहुण्यांना इथे आणून "हा खरा" म्हणून दाखवायला मजा येते.

आणि मग संग्रहालय. डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय हे मुंबईतलं सगळ्यात जुनं. १८७२ मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं तेव्हा नाव होतं व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियम. भाऊ दाजींचं नाव १९७५ मध्ये दिलं गेलं. भाऊ दाजी मूळचे गोव्याच्या मांद्रे गावचे. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले डॉक्टर, संस्कृतचे अभ्यासक, मुंबईचे शेरीफ. हे संग्रहालय उभं राहावं म्हणून त्यांनी आणि जगन्नाथ शंकरशेट यांनी पैसे उभे केले. तिकीट बागेपेक्षा वेगळं, सुट्टी तीच, बुधवारची.

संग्रहालयात काय बघायचं? मुंबईच्या जुन्या लोकांच्या मातीच्या छोट्या मूर्ती बघा. कोणाची पगडी कशी, कोणाचं नेसणं कसं, कोण कोणता धंदा करायचा, सगळं वीतभर उंचीत. शहराचे जुने नकाशे बघा. सात बेटं जोडून एक कशी झाली ते तिथे डोळ्यांना कळतं. आणि वर छत बघा. सोनेरी नक्षीचं ते काम २००३ ते २००७ या काळात पुन्हा उजळवलं, त्याआधी इमारत पार रया गेलेली होती. या कामाला २००५ मध्ये युनेस्कोचा सर्वोच्च श्रेणीचा पुरस्कार मिळाला. सहा वर्षांखालची मुलं इथे कंटाळतात. एक मोठा माणूस त्यांना घेऊन बाहेर हत्तीपाशी थांबू दे, आळीपाळीने बघा.

एक सावधगिरी: संग्रहालय सकाळीच उरकायचं की दुपारी, हे ऊन बघून ठरवा. मार्चनंतर गेलात तर दाराशी फक्त हत्ती बघा, सकाळचा गारवा झाडांना द्या आणि संग्रहालय बाराच्या पुढे ठेवा.

आता झाडं

इथे तीन हजारांच्या आसपास झाडं आहेत. सगळी बघणं शक्य नाही, बघूही नका. एका फेरीत पाच-सहा ओळखायची ठरवा. बुंध्यांवर पाट्या असतात, नसल्या तर माळ्यांना विचारा. बागेतले माळी हे फुकटचे उत्तम वाटाडे आहेत, फक्त त्यांच्या कामाच्या मध्ये उभं राहून फोनवर फोटो काढत विचारू नका.

कैलासपतीपासून सुरुवात करा. माझी आत्या खिळली होती ती याच्याचपुढे. फुलं फांदीला नाहीत, थेट खोडाला येतात. पाकळ्यांवर नागाच्या फण्यासारखी झालर आणि तिच्याखाली इवलीशी पिंड, म्हणून लोक ते महादेवाला वाहतात. झाड मात्र मूळचं दक्षिण अमेरिकेचं. फळं तोफेच्या गोळ्याएवढी असतात आणि पिकून फुटली की घाण वास मारतात. बघा, वास घ्या, पण नेमकं फळांखाली मुलांना उभं करू नका.

गोरखचिंच ओळखायला पाटी लागत नाही. हत्तीच्या पायासारखा फुगीर, राखी बुंधा, आणि वर्षाचे कित्येक महिने डोक्यावर पान नाही. आफ्रिकेचं झाड, समुद्रमार्गे आपल्या किनाऱ्यावर आलं आणि इथे गोरखनाथाचं होऊन गेलं. चार मुलांनी हात धरले तर बुंध्याला कवेत घेता येतं का, हे करून बघा. आमच्याकडे पाच लागली आणि तरी हात पुरले नाहीत.

कृष्णवडाचं पान देठापाशी दुमडून द्रोणासारखं होतं. कृष्णाने चोरलेलं लोणी त्यात लपवलं होतं म्हणतात. पान तोडू नका, खाली पडलेलं शोधा. मुलांना दिवसभर तेवढं एक पान पुरतं.

मेणबत्तीचं झाड हे नाव थट्टेचं वाटेल, पण खरोखर पिवळट मेणबत्त्या टांगल्यासारखी फळं खोडाला लोंबत असतात. आणि उर्वशी. म्यानमारहून आलेलं हे झाड बागेतलं सगळ्यात मानाचं. हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत त्याची लाल-पिवळी फुलं झुंबरासारखी खाली सुटतात. ते फुललेलं असताना तुम्ही बागेत असाल आणि पेंग्विनच्या रांगेत असाल, तर मला वाईट वाटेल.

सीता अशोक जानेवारी ते मार्चच्या सुमारास. आपण कुंपणाला जो उंच, सरळसोट लावतो तो अशोक नव्हे. खऱ्या अशोकाला केशरी फुलांचे झुबके येतात आणि झाड चांगलं डेरेदार असतं. फेब्रुवारीत काटेसावर, एप्रिल-मेमध्ये बहावा आणि ताम्हण. ताम्हण हे महाराष्ट्राचं राज्यफूल आहे हे पुस्तकात सगळ्यांनी वाचलेलं असतं, झाड ओळखता येणारे थोडे.

ही झाडं अजून उभी आहेत, यामागे थोडी भांडणं आहेत. २००७ च्या सुमारास प्राणिसंग्रहालयाचा मोठा कायापालट करायची कोट्यवधींची योजना आली. तिच्यात किती झाडं जातील, या काळजीने काही नागरिक, विशेषतः बागेत नेमाने येणाऱ्या काही जणी, उभ्या राहिल्या. त्यांनी झाडांची नोंद करून यादी बनवली, वारसा समितीपुढे गेल्या, वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. शेवटी योजनेला बरीच कात्री लागली.

प्राणी, पण वेळ बघून

पेंग्विन हंबोल्ट जातीचे, मूळचे पेरू आणि चिलीच्या किनाऱ्याचे. २०१६ मध्ये ते दक्षिण कोरियातल्या सोलहून मुंबईत आले आणि मार्च २०१७ पासून लोकांना बघायला मिळाले. हंबोल्ट हे बर्फातले पेंग्विन नव्हेत. त्यांना मुंबईचा उकाडा सोसत नाही एवढंच, म्हणून काचेमागे थंड दालन. मुलांना हे आधी सांगितलं नाही तर "बर्फ कुठाय?" हा प्रश्न ठरलेला.

कधी जायचं, याचा माझा साधा नियम आहे. मधल्या वारी पेंग्विन बाराच्या पुढे ठेवा, उन्हातून थंडाव्यात शिरायला तीच वेळ बरी. सुट्टीच्या दिवशी मात्र दार उघडल्या उघडल्या आधी तेच उरका, नंतर रांग वाढतच जाते. आत फ्लॅश मारू नका, काच ठोकू नका. पाण्याखालून पोहताना दिसतात ती मिनिटं खरी. उभे असलेले पेंग्विन पाच मिनिटांत बघून होतात.

वाघ, बिबट्या, अस्वल सकाळी किंवा चारच्या पुढे. दुपारी सगळे झोपतात, शहाणे आहेत. पाणघोडा पाण्यात बुडालेला असतो, त्याच्यापाशी जरा धीर धरा. तो श्वासाला वर येतोच आणि त्या नाकपुड्यांचा फुसकारा मुलं घरी जाऊन आठवडाभर करतात. आपण जाळीच्या आत चालत जातो आणि पक्षी डोक्यावरून उडतात अशी मोठी पक्षीशाळा आहे, ती चुकवू नका. तिथे हळू चाला, बोलणं कमी. मगरींचं तळं काचेतून पाण्याखालीही दिसतं.

प्राण्यांना काही खायला घालायचं नाही. शेंगदाण्याचे दोन दाणेही नाहीत. "एवढ्याने काय होतंय" म्हणणारे काका प्रत्येक पिंजऱ्यापुढे एक असतात, ते आपल्या घरातले नसावेत एवढं बघा.

निघताना

जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला जाणार असाल तर महापालिकेचं फुलांचं आणि भाज्यांचं प्रदर्शन इथे भरतं, त्याच्या तारखा बघून घ्या. प्रदर्शन बघायचं असेल तर त्या दिवशी या. बाग बघायची असेल तर त्या दिवशी अजिबात येऊ नका.

मुलं दमली असतील तर तीनला परत फिरा. जाताना लालबागच्या चिवडा गल्लीतून पाव किलो पोह्याचा चिवडा बांधून घ्या.

दमली नसतील तर सहाला बाग बंद होईपर्यंत थांबा. उंच झाडांवर दिवसभर काळ्या फडक्यांसारखं काहीतरी उलटं लटकलेलं तुम्हाला दिसलं असेल. ती फळं खाणारी मोठी वटवाघळं. बागेबाहेर पडून फुटपाथवर थोडा वेळ उभे राहा, चहा घ्या. अंधार पडू लागला की ती एकेक करून सुटतात, आंबेडकर रस्त्यावरच्या बस आणि टॅक्सींच्या वरून, पंख सावकाश हलवत. त्याला तिकीट लागत नाही आणि बुधवारीही दिसतं.